दरी ओलांडायची कशी?

गुरुवार, रात्री

सकाळपासून कागदावर एकच गणित चाललं होतं. जिवाणूच्या एका जनुकातल्या दोन जागा, दोन म्युटेशन्स, म्हणजे आपोआप झालेले बदल. पहिलं एकटं आलं तर जिवाणूला २ टक्के तोटा, दुसरं एकटं आलं तर ३ टक्के तोटा, आणि दोन्ही एकत्र आली तर ५ टक्के फायदा. म्हणजे मधे दरी. नैसर्गिक निवड तोट्यातल्या जिवाणूंना बाजूला काढणार, मग हा समूह पलीकडच्या शिखरावर पोचणार कसा? माझ्या पीएचडीचा मोठा भाग या प्रश्नावर उभा आहे.

शिखरं आणि दऱ्यांचं हे चित्र सीवल राइट या जनुकशास्त्रज्ञाचं. १९३२ साली इथाकाला भरलेल्या जनुकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यानं ते मांडलं. प्रत्येक बिंदू म्हणजे जनुकांचा एक संच, आणि उंची म्हणजे त्या संचाची पुढच्या पिढीत संतती ठेवण्याची ताकद. चित्र देखणं आहे, म्हणूनच ते डोक्यातून जात नाही. त्यातून मी राहते पाषाणला. एका अंगाला वेताळ टेकडी, दुसऱ्या अंगाला बाणेरची. एकीवरून दुसरीवर जायचं तर खाली उतरण्यावाचून गत्यंतर नाही. पण डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेल्या, हजार अक्षरं लांबीच्या जनुकाला एका बदलाच्या अंतरावर तीन हजार शेजारी असतात. इतक्या दिशा मोकळ्या असताना सगळ्याच उताराच्या निघाव्यात, हे कमी वेळा घडतं. दोन दिशांच्या टेकड्यांवर पोसलेली आपली नजर इथे फसवते, असं माझं ठाम मत होत चाललंय.

२०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला एक पेपर मला फार महत्त्वाचा वाटतो, तो यामुळेच. ई. कोलाय या जिवाणूच्या एका जनुकातल्या नऊ अक्षरांचे जवळजवळ सगळे पर्याय बनवून तपासले, दोन लाख साठ हजारांवर. शिखरं निघाली ५१४. एवढा खडबडीत प्रदेश, तरी उंच शिखरांकडे जाणाऱ्या चढत्या वाटा भरपूर होत्या.

आणि जिथे दरी खरोखरच आहे तिथे? तेच आजचं गणित. २ टक्के तोट्याचा वंश शेवटी संपणारच. पण संपण्याआधी सगळ्या पिढ्या मिळून त्यात सरासरी ५० जीव होऊन जातात, एक भागिले ०.०२. त्या पन्नासांपैकी एकात दुसरं म्युटेशन पडलं, तर बाकीचा समूह आहे तिथेच राहतो आणि पलीकडे जाणारा जीव जन्माला येतो. तोही लगेच तरत नाही. जे. बी. एस. हॉल्डेन या जनुकशास्त्रज्ञानं १९२७ सालीच दाखवलं होतं की फायदा s असेल तर टिकून राहण्याची शक्यता साधारण 2s. आमच्या ५ टक्क्यांना दहात एक. उरलेल्या नऊ वेळा चांगला बदल सुरुवातीच्या पिढ्यांतच निव्वळ योगायोगानं नाहीसा होतो. हे वाक्य मी कितीही वेळा लिहिलं तरी थांबायला होतं. आज जे टिकून आहे त्याच्या मागे असे किती चांगले बदल वाया गेले असतील!

दुपारी सिम्युलेशनचा आकडा आणि कागदावरचा आकडा जुळले. लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं, मोठ्यांदा ‘जमलं!’ म्हणाले.

(पुण्यात बसून जनुकांचं गणित करणं तसं नवं नाही. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९४०च्या दशकात जनुकांमधली अंतरं काढायचं जे सूत्र दिलं, ते जगभर आजही वापरात आहे. मला याचं फार बळ वाटतं.)

संध्याकाळी कोथरूडला आत्याकडे जेवायला गेले. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चरच्या प्लेट्स बघते. प्लेटवर जिवाणूंचा पातळ थर, त्यावर औषधांच्या कागदी डिस्क, आणि जिथे औषध लागू पडतं तिथे डिस्कभोवती स्वच्छ गोल झोन. तो मिलिमीटरमध्ये मोजायचा नि रिपोर्ट लिहायचा. सेफोटॅक्सिम या अँटिबायोटिकची डिस्क तिच्या रोजच्या हातातली, म्हणून तिला २००६ सालचा वाइनराइख आणि सहकाऱ्यांचा अभ्यास सांगितला. एका जनुकातल्या पाच म्युटेशन्सनी मिळून या औषधाला होणारा प्रतिकार सुमारे एक लाख पट वाढतो. पाच बदल एकामागून एक यायचे तर क्रम १२० होतात, पण त्यातले १०२ बंद. कुठल्या ना कुठल्या पायरीवर प्रतिकार वाढतच नाही. मोकळे फक्त १८.

आत्या म्हणाली, ‘‘अगं, पण औषध बदललं की तुझे डोंगरही बदलणार ना? एका डिस्कला दाद न देणारा जंतू दुसरीला आधीपेक्षा मोठा झोन देतो, असं बघितलंय मी.’’

मी पोळी हातात धरून बसले. तिनं जे सांगितलं ते झिबाल्स्की आणि ब्रायसन यांनी १९५२ साली ई. कोलायमध्ये नोंदवलेलं आहे, आणि मी मात्र इतके दिवस एकच औषध, एकच स्थिर प्रदेश धरून चालले होते. तेवढं सोपं रूप आधी सुटायलाच हवं होतं, त्याबद्दल शंका नाही. पण आता पुढचं करायला हवं.

उद्या तेच चार संच (एकही म्युटेशन नसलेला, फक्त पहिलं, फक्त दुसरं, दोन्ही) दोन औषधांच्या दोन प्रदेशांवर मांडायचे. आधी बघायचं ते एवढंच, की त्या पन्नास जीवांचा वंश संपायच्या आत औषध बदललं तर पलीकडे पोचणाऱ्यांचं प्रमाण घटतं की वाढतं. दोन्ही होऊ शकतं असं आत्ता तरी वाटतंय. दुसऱ्या औषधात पहिलं म्युटेशन तोट्याचं न राहता फायद्याचं ठरलं तर दरीच उरणार नाही, आणि तसं झालं तर औषधांची कुठली जोडी टाळायची हे आधी कळायला हवं.