रिकाम्या चौकटीत काय भरावे?

आर या सांख्यिकी संगणकभाषेत एखाद्या स्तंभातील एक जरी नोंद गहाळ असेल, तरी त्याच्या सरासरीचे उत्तर ‘एनए’, म्हणजे ‘उपलब्ध नाही’, असे येते. नवशिक्यांना हा आडमुठेपणा वाटतो. मला तो सचोटीचा वाटतो, कारण एक संख्या ठाऊक नसेल तर बेरीजही ठाऊक नसते. खरी काळजी वाटते ती जिथे ही भाषा फारशी कुरकुर करत नाही तिथे. आरसोबत मिळणाऱ्या ‘एअरक्वालिटी’ या तक्त्यात न्यूयॉर्कमधील 1973 च्या मे ते सप्टेंबरच्या 153 दिवसांच्या नोंदी आहेत. ओझोनच्या 37 आणि सौर प्रारणाच्या 7 नोंदी नसल्यामुळे, हे दोन्ही स्तंभ घेऊन ‘एलएम’ या फंक्शनने प्रतिमान (स्तंभांमधील संबंधाचे सूत्र) बसवले की 42 ओळी गळतात (दोन दिवशी दोन्ही नोंदी नाहीत), आणि त्याची सूचना सारांशाच्या तळाशी, सहसा कोणी वाचत नाही अशा एका ओळीत मिळते.

मग पुष्कळ जण रिकाम्या जागी सरासरी भरून मोकळे होतात. त्याने ओझोनची सरासरी जागच्या जागी राहते, पण प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा, सुमारे 33 वरून 28.7 वर घसरते, म्हणजे आपल्याला आहे त्यापेक्षा अधिक खात्री असल्याचा आव आकडे आणू लागतात. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी 1976 मध्ये मांडलेला विचार याच्या मुळाशी जातो: नोंद निव्वळ योगायोगाने गहाळ झाली, हाती असलेल्या इतर माहितीवरून ते गहाळ होणे समजू शकते, की न दिसणाऱ्या मूल्यामुळेच ती गहाळ झाली? ‘माइस’ हे आरचे पॅकेज (तयार फंक्शनांचा जोडसंच) एकाऐवजी अनेक, सांगितले नाही तर पाच, भरलेले तक्ते तयार करून अनिश्चितता जपते खरे. परंतु तिसऱ्या प्रकारात नेहमीच्या मांडणीने तेही चकते.

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या गच्चीवर साधा पर्जन्यमापक आहे आणि हवामान विभागाच्या रिवाजाप्रमाणे त्याची नोंद सकाळी 8.30 ला होते. जुलैत धो धो पाऊस असला की गच्चीवर जाण्याचा कंटाळा केला जातो, त्यामुळे रिकाम्या चौकटी नेमक्या पावसाच्या दिवसांत सापडतात. परंतु मापकातले पाणी कुठे जात नाही. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत दोन्ही दिवसांचा पाऊस एकत्र येतो. इथे कोणत्याही हुशार पद्धतीने चौकट भरली तर तोच पाऊस दोनदा मोजला जाईल. रिकाम्या जागा वगळून केलेली महिन्याची बेरीज मात्र बरोबर येते (या किंवा आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस चुकला नसेल तर), आणि त्याच रीतीने काढलेली रोजची सरासरी फुगते, कारण भागाकार कमी दिवसांनी होतो. ‘सर्वाधिक पावसाचा दिवस’ तर अशा तक्त्यातून शोधूच नये.

कोरड्या दिवशी शून्य न लिहिता रेघ ओढण्याची सवय याहून त्रासदायक आहे. हवामान विभागाच्या चौकटवार (नकाशाचे चौकोन पाडून दिलेल्या) पर्जन्य माहितीत गहाळ मूल्यासाठी उणे 999 असते; ते आधी ‘एनए’ केले नाही तर सरासरी पाऊस उणे येतो आणि घोटाळा निदान डोळ्यांत भरतो. रेघेमागे शून्य आहे की आळस, हे कोणतेही फंक्शन सांगू शकत नाही. म्हणून नोंदवहीत कारणाचा वेगळा स्तंभ हवा, आणि ‘कोणी गेले नाही’ व ‘मापक भरून वाहिला’ ही कारणे त्यात वेगळी लिहिली जावीत. दुसऱ्या कारणात हाती आलेला आकडा ‘किमान इतका पाऊस’ असा धरायचा असतो, आणि तशा मर्यादित मूल्यांसाठी ‘सर्व्हायव्हल’ पॅकेजमध्ये सोय आहे.