अर्धा लिटर दूध

न्यू जर्सीत आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटात दर बुधवारी सकाळी शाळेची पाच-सहा मुलं येतात. कुणाला ऑटिझम, कुणाला डाउन सिंड्रोम. हातात चित्रांची यादी असते: केळी, ब्रेड, साबण. शिक्षिका दोन पावलं मागं. एकदा एक मुलगा काउंटरवर कार्ड धरून नुसताच उभा राहिला. मागं गिऱ्हाईकं खोळंबली, तरी बाई गप्प. मला त्यांचा रागच आला. बऱ्याच वेळानं त्यानं स्वतःच कार्ड मशीनला लावलं, आणि मग माझ्या लक्षात आलं, त्या बाई कशासाठी थांबल्या होत्या.

इथं १९७५ च्या कायद्यानं या मुलांना सरकारी शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. आईवडिलांना सोबत घेऊन प्रत्येक मुलाचा वेगळा लेखी आराखडा करतात आणि मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत त्यात शाळेनंतरच्या आयुष्याची तयारी यावीच लागते. बाजारात नेणं हा त्याच अभ्यासाचा भाग. कायदा आपल्याकडंही आहे, २०१६ चा, एकवीस प्रकारच्या अपंगत्वांसाठी. पण मला सांगायचंय ते कायद्याची वाट न बघता करता येण्यासारखं आहे.

माझा भाचाही अशाच मुलांपैकी, चौदा वर्षांचा, कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. शाळेत बटणं लावायला, ताट मांडायला शिकला. दुकानात मात्र कधी एक शब्द बोलला नाही, कारण त्याच्या आधी ताईच बोलायची. तिचं तरी काय चुकलं? लोक बघतात, घाई असते, जीव तुटतो.

डिसेंबरात मी त्यांच्याकडं गेले तेव्हा आम्ही इथल्या शाळांसारखं शेवटाकडून सुरू केलं. दूध आणायचं म्हणजे पिशवी घेणं, चालत जाणं, नंबर येईपर्यंत थांबणं, मागणं, पैसे देणं, उरलेले परत घेणं, दूध पिशवीत ठेवणं. सगळं ताईनं करायचं, त्यानं फक्त शेवटचं: दूध पिशवीत ठेवायचं. म्हणजे काम पुरं होतं ते त्याच्या हातनं. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी त्याच्याकडं. दुकान एकच, वेळ दुपारी तीनची, गर्दी नसते तेव्हाची. दुकानदारमामांना आधीच सांगून ठेवलं होतं, "मामा, तो बोलेपर्यंत तुम्ही दूध काढू नका."

नवव्या दिवशी त्यानं नोट पुढं केली. मामा थांबले. ताईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "गोकुळ," तो म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. मग, "अर्धा."

मी परत आले. गेल्या रविवारी ताईचा फोन आला. दुकानात कुणीतरी घाईनं पुढं घुसायला लागलं, तर मामा म्हणाले, "थांबा जरा, त्याचा नंबर आहे."