अण्णांचा प्रश्न आणि माझी सिटिझनशिप

मागच्या वर्षी माझी अमेरिकन सिटिझनशिपची टेस्ट झाली. मी दिली तेव्हा 100 प्रश्नांची यादी होती, त्यातले 10 विचारायचे आणि 6 बरोबर आले की पास (आता यादी 128 ची झालीय). मी प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून फ्रिजला चिकटवले होते आणि भाजी परतता परतता पाठ करायचे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सातारा जिल्ह्यात हायस्कूलला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचे, त्यामुळे रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर माझी तोंडी परीक्षा व्हायची आणि ते मार्क देताना अजिबात सूट द्यायचे नाहीत.

एक दिवस प्रश्न आला, स्वतःचं राज्य स्वतः चालवायची कल्पना घटनेच्या पहिल्या तीन शब्दांत आहे, ते शब्द कोणते? मी म्हटलं, ‘वी द पीपल’. अण्णा म्हणाले बरोबर, आपलंही ‘आम्ही, भारताचे लोक’ असंच सुरू होतं, पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेलं असायचं. आणि मग चष्मा काढून म्हणाले, "पण हे पीपल म्हणजे कोण ते कुठं लिहिलंय? आपल्या घटनेचा अख्खा दुसरा भाग नागरिकत्वावर आहे, कलम 5 ते 11. त्यांच्यात कितवं कलम?"

मला सांगता येईना. यादीत तो प्रश्नच नव्हता. रात्री पोरं झोपल्यावर मी मूळ घटना काढून बसले, सातच कलमं आहेत, तासाभरात वाचून होते. नागरिक हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, खासदार व्हायला 7 वर्षं नागरिक असायला हवं, सिनेटर व्हायला 9 वर्षं, राष्ट्राध्यक्ष तर जन्मानेच नागरिक हवा, पण नागरिक कोणाला म्हणायचं हे 1787 च्या त्या कागदावर कुठेच नाहीये! परदेशी माणसाला नागरिक करून घ्यायचे नियम काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) करावेत एवढंच एक वाक्य आहे.

आता ती घटना लिहिणारी माणसं काही बेफिकीर नव्हती. फिलाडेल्फियात ऐन उन्हाळ्यात, आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद करून चार महिने बसली होती. आधीच्या व्यवस्थेत केंद्राला करसुद्धा बसवता येत नव्हता, राज्यं पैसे देतील तेव्हा देतील, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी बंड केलेलं ताजं होतं. त्यामुळे सगळा जोर सरकार उभं कसं करायचं, कोणाला किती सत्ता, यावर गेला. ‘वी द पीपल’च्या पुढे आधी एकेका राज्याचं नाव होतं, पण 13 पैकी 9 राज्यांनी मान्यता दिली की घटना लागू होणार होती आणि ती 9 कोणती हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून शेवटच्या मसुद्यात गव्हर्नर मॉरिस यांच्या हातून (गव्हर्नर हे त्यांचं नावच होतं, पद नव्हे) ती नावं गेली आणि नुसतं ‘आम्ही अमेरिकेचे लोक’ उरलं. किती मोठा शब्द! आणि त्याच कागदात गुलाम माणूस प्रतिनिधी मोजताना तीन-पंचमांश धरलाय, तोही गुलाम हा शब्द न वापरता.

जागा रिकामी सोडली की ती कोणीतरी भरतंच. पहिल्याच काँग्रेसने 1790 मध्ये कायदा केला की परदेशातून आलेला ‘स्वतंत्र गोरा माणूस’च नागरिक होऊ शकेल. 1857 मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काळा माणूस, गुलाम असो की मोकळा, या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. त्यानंतर यादवी युद्ध, लाखो माणसं मेली, आणि 1868 मध्ये चौदावी दुरुस्ती आली तेव्हा कुठे अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर घटनेत आलं. म्हणजे 81 वर्षांनी.

हे सांगितल्यावर अण्णा एकदम म्हणाले, "अगं म्हणूनच जोतीरावांनी!" 1873 साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना अर्पण केली ज्यांनी गुलामांना सोडवण्यासाठी झीज सोसली, आणि माझ्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा असं लिहिलं. फुल्यांचं मूळ गाव कटगुण आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे अण्णांना हे शाळेत शिकवताना दरवर्षी भरून यायचं.

आणि आता जे सांगणार आहे ते वाचल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. बरोबर 50 वर्षांनी, 1923 मध्ये, भगतसिंग थिंड यांचा नागरिकत्वाचा खटला सुप्रीम कोर्टात आला. पंजाबचा माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित, जन्म अहमदाबादचा, स्वतः 1914 मध्ये अमेरिकन नागरिक झालेले. तोवर काळ्या लोकांसाठी कायदा बदलला होता पण आशियातल्यांना दार बंदच होतं, म्हणून बाजू मांडली गेली ती अशी, की थिंड उच्च जातीचे, शुद्ध रक्ताचे आर्य आहेत, म्हणजे गोरेच. कोर्टाने एकमताने नाही म्हटलं, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं अशा कितीतरी भारतीयांचं ते काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली.

ते हरले याचं वाईट वाटतंच, पण कायद्याने आखलेली रेघ चुकीची आहे असं म्हणायच्या जागी मला रेघेच्या आत घ्या, कारण माझी जात वरची आहे, हे म्हणावं लागलं याने मला जास्त लागलं. फुल्यांनी जातीविरुद्ध लढायला अमेरिकेचं उदाहरण घेतलं आणि आपल्याच माणसांनी अमेरिकेत शिरायला जात पुढे केली. तेव्हाच्या कायद्यात दुसरी वाट फारशी नव्हती हे मला कळतं, तरीही.

पंडितांवरही सरकारने केस टाकली. ते स्वतः लढले आणि जिंकले, एकदा कोर्टाने दिलेला निकाल सरकारला असा उलटवता येत नाही यावर, आणि त्यामुळे बाकीच्या भारतीयांवरच्या केसेसही थांबल्या. भारतीयांना रीतसर नागरिक होता यायला 1946 उजाडलं, तेही वर्षाला फक्त 100 जण येऊ शकतील अशा कोट्याने.

ओथच्या दिवशी हॉलच्या दारात ग्रीन कार्ड परत घेतात. शेजारची आजी बहुतेक व्हिएतनामची होती, तिने कार्ड देताना ते पदराने पुसावं तसं बाहीने पुसलं. शपथेत जुन्या देशाशी असलेली सगळी निष्ठा सोडतो असं म्हणावं लागतं, ते वाक्य माझ्या घशात अडकलं, आणि खोटं बोलायचं नव्हतं म्हणून मी ते हळू पण पूर्ण म्हटलं. यादीतला एक प्रश्न होता, फक्त नागरिकांवर असलेली जबाबदारी कोणती? मतदान किंवा ज्युरीत बसणं. बाहेर आल्या आल्या मतदार नोंदणीचा फॉर्म भरला, तिथेच भिंतीला टेकवून.

घरी आल्यावर अण्णांना फोन लावला. भारताचा पासपोर्ट आता जमा करावा लागेल हे त्यांना माहीतच होतं, 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 त्यांनीच मला सांगितलं होतं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते चौदाव्या दुरुस्तीचं पहिलं वाक्य मराठीत सांग, वहीत उतरवून घेतो." मी सांगितलं, अमेरिकेत जन्मलेल्या किंवा रीतसर नागरिक झालेल्या आणि तिच्या कायद्याच्या कक्षेत असलेल्या सर्व व्यक्ती अमेरिकेच्या आणि त्या राहतात त्या राज्याच्या नागरिक आहेत. "सावकाश," अण्णा म्हणाले, "‘सर्व व्यक्ती’च्या पुढचं परत सांग."