अभ्र्याच्या आत

अंगाला सगळ्यात जास्त वेळ लागून असणारी आणि सगळ्यात कमी वेळा पाण्यात जाणारी घरातली वस्तू म्हणजे उशी. शर्ट दिवसभर अंगावर असला की संध्याकाळी बिनबोभाट धुण्यात जातो. उशी तितकाच वेळ गालाखाली असते, पण तिच्या वाट्याला येतो तो फक्त नवा अभ्रा. अभ्रा बदलला की उशीच बदलल्यासारखी वाटते. अभ्र्याची लबाडी ती हीच.

एकदा अभ्रा काढून उशी खिडकीच्या उजेडात धरावी. डोकं टेकतं तिथे पिवळसर, कडेला किंचित गडद होत गेलेले डाग दिसतात, जुन्या नकाशातल्या बेटांसारखे. घामातलं पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात. त्वचेतून आणि केसांतून पाझरलेलं तेलही तिथेच मुरतं आणि हवा लागून हळूहळू पिवळं पडतं. अभ्रा कोंडा अडवतो, केस अडवतो. ओल आणि तेल त्याला अडवता येत नाही. म्हणून नेहमीच्या अभ्र्याच्या आत घट्ट विणीचा, चेन असलेला आणखी एक अभ्रा घालावा आणि तो महिन्याकाठी धुवावा. एवढ्यानेही उशीचं आयुष्य बरंच वाढतं.

डाग निदान दिसतात तरी. अंथरुणातले डस्ट माइट, म्हणजे धुळीत राहणारे किडे, दिसतही नाहीत. मिलिमीटरच्या पाव भागाएवढा हा जीव आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. तो चावत नाही, रक्त पीत नाही. ती कामं ढेकणाची. सकाळी उठल्या उठल्या काहींना ज्या शिंका सुटतात त्याला कारण मुख्यतः डस्ट माइटची विष्ठा. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचा आणि या किड्यांचा संबंध नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६०च्या दशकात दाखवून दिला. या किड्याबद्दल लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच: तो पाणी पीत नाही, हवेतली ओल अंगात शोषून घेतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली की तो सुकून मरतो. बुरशीचं गणितही ओलीवरच चालतं. मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड ते वीस वर्षं वापरलेल्या उशा तपासल्या, तेव्हा एकेका उशीत ४ ते १६ प्रकारच्या बुरश्या निघाल्या.

तेव्हा अंथरुणाचा खरा वैरी मळ नव्हे, ओल. एकदा हे पटलं की बऱ्याच सवयी उलट्या कराव्या लागतात. उठल्या उठल्या चादर ताणून, पांघरूण पसरून पलंग चकाचक करणं ही मोठी शिस्त मानली जाते. त्या शिस्तीत रात्रभराचा घाम आणि ऊब आतल्या आत कोंडली जाते. पांघरूण पायथ्याशी उलटून टाकावं, उशा उभ्या ठेवाव्यात, खिडकी उघडावी आणि अर्ध्या-एक तासाने पलंग आवरावा. आळशी माणसाला इतकी शास्त्रशुद्ध सवलत सहसा मिळत नाही.

चादरी आणि अभ्रे धुण्यात फारसं काही अवघड नाही. आठवड्यातून एकदा धुवावेत. चेहऱ्यावर मुरमं येत असतील तर अभ्रा दोन-तीन दिवसांनी बदलावा. घरात कुणाला धुळीची ॲलर्जी असेल तर ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवावं, कारण साध्या पाण्याने ॲलर्जी आणणारा अंश बराचसा वाहून जातो, पण किडे जिवंत राहतात. रक्ताच्या डागाला मात्र थंडच पाणी लागतं. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन गोठतं आणि धाग्याला कायमचं चिकटतं. पिवळे डाग पाहून क्लोरीनच्या ब्लीचकडे हात जातो, तो आवरावा. घामाचे डाग त्याने कित्येकदा जास्तच पिवळे होतात. त्याऐवजी ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पावडर घ्यावी. पाच लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे पावडर घालून सुती कापड तासभर भिजवावं. गार पाण्यात ही पावडर जवळजवळ झोपूनच राहते.

मशीनमध्ये चादरींसोबत पांघरुणाची खोळ टाकायची असेल तर तिची बटणं किंवा चेन आधी लावून घ्यावी. तोंड उघडं राहिलं तर ड्रम फिरता फिरता खोळ एकेक अभ्रा, रुमाल, मोजा गिळत जाते. शेवटी सगळ्यांचा मिळून एक ओला, पीळ बसलेला गोळा बाहेर येतो आणि त्याच्या पोटातले कपडे अर्धवट मळकेच असतात.

उशी धुवायची तर आधी ती धुण्याच्या लायकीची आहे का ते पाहावं. पॉलिएस्टर फायबरची उशी मधोमध दुमडून सोडून द्यावी. उसळून सरळ झाली तर तिच्यात जीव आहे. तशीच दुमडलेली पडून राहिली तर आतल्या धाग्यांचा कुरळेपणा गेला आहे. धुऊन ती स्वच्छ होईल, फुगणार नाही. मग शिवणीतलं लेबल वाचावं. पाण्याच्या टबाच्या चित्रात आकडा असेल तर तेवढ्या अंशांपर्यंत मशीनमध्ये चालते, टबात हात असेल तर हाताने धुवायची, टबावर फुली असेल तर पाणी वर्ज्य. चौकोनात वर्तुळ हे ड्रायरचं चिन्ह. वर्तुळातला एक ठिपका म्हणजे मंद आच.

आत काय भरलंय यावर पुढचं सगळं ठरतं. फायबरची उशी मशीनमध्ये निर्धास्त टाकावी, पण दोन उशा एकदम. एकटी उशी पाणी पिऊन ड्रमच्या एका बाजूला बसते आणि स्पिनला लागताच मशीन घरभर फिरायला निघतं. वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये उशी हवेमुळे तरंगते आणि तिची एकच बाजू धुतली जाते. म्हणून टाकताना दाबून हवा काढावी आणि अर्ध्यावर मशीन थांबवून उशा उलटाव्यात. डिटर्जंट द्रव घ्यावा आणि नेहमीच्या मापाच्या निम्मा घ्यावा. इथेच बहुतेकांचा हात सैल सुटतो. उशी कपड्यापेक्षा जाड, म्हणून साबण जास्त, असा हिशेब केला जातो. खरं तर भरणीत शिरलेला फेस निघता निघत नाही, सुकल्यावर ती जागा कडक होते आणि उरलेला चिकटपणा नवा मळ धरून ठेवतो. म्हणून खळबळणं एक वेळा जास्त करावं. शेवटच्या पाण्यात दाबल्यावर बुडबुडे आले तर आणखी एकदा. फॅब्रिक सॉफ्टनर नकोच. धाग्यावर त्याचा थर बसतो आणि कापड घाम टिपेनासं होतं.

पिसांच्या उशीला आणि रजईला नेहमीची एन्झाइमवाली पावडर वापरू नये. प्रथिनांचे डाग पचवणारं एन्झाइम पिसांवरही काम करतं, कारण पीस हेही प्रथिनच. लोकरीसाठीचा सौम्य द्रव घ्यावा. साध्या कापसाची किंवा सावरीच्या कापसाची उशी मात्र धुवूच नये. कापूस भिजला की त्याचे गठ्ठे होतात आणि ते पिंजल्याशिवाय सुटत नाहीत. सावरीच्या धाग्यावर मेणासारखा थर असतो, त्यामुळे तो सहज भिजत नाही, आणि भिजलाच तर चपटा होऊन बसतो. अशा उशीला ऊन, झटकणं आणि खोळ बदलणं एवढंच पुरे. मेमरी फोम आणि लेटेक्स यांचा पाण्याशी तिसराच तंटा. फोम स्पंजासारखा पाणी पितो, ओला झाला की स्वतःच्याच वजनाने फाटतो आणि आतून वाळायला दिवसच्या दिवस घेतो. त्याची खोळ तेवढी धुवावी आणि डाग ओल्या फडक्याने टिपावा. उन्हात तर तो मुळीच ठेवू नये. उन्हाने फोम पिवळा पडतो आणि भुगा होऊ लागतो. सावलीत, वाऱ्याला ठेवावा.

आता कम्फर्टर. मशीनवर ७ किलो लिहिलेलं असतं आणि कम्फर्टर भरतो जेमतेम दोन किलो. तरी तो त्या मशीनमध्ये मावत नाही. मशीनवरचा आकडा कोरड्या सुती कपड्यांच्या वजनाचा असतो, आणि कम्फर्टरचा प्रश्न वजनाचा नसून फुगवट्याचा असतो. कोरडा कम्फर्टर आत ठेवल्यावर ड्रमचा निदान पाव-एक भाग मोकळा राहिला पाहिजे. गुडघ्याने ढकलून दार लावावं लागत असेल तर तिथेच थांबावं. कोंबलेल्या कम्फर्टरच्या मध्यापर्यंत पाणी पोचत नाही, साबण घडीत अडकतो आणि तोल न साधल्यामुळे मशीन स्पिनच्या आधी पुन्हा पुन्हा अडून बसतं.

धुण्याआधी शिलाई तपासायची. चौकटीचौकटीची ती शिवण शोभेची नसते, भरण जागच्या जागी ठेवायला असते. एखादी चौकट उसवली असेल तर पाण्याच्या जोराने तिथलं भरण शेजारच्या चौकटीत जातं, आणि मग एका ठिकाणी ढेकूळ, दुसऱ्या ठिकाणी नुसती दोन कापडं. दोन टाके आधीच घालावेत.

घरचं मशीन लहान असेल तर मोठ्या टबात कोमट पाणी आणि थोडा द्रव साबण घालून अर्धा तास भिजवून पायांनी तुडवणं हा उत्तम उपाय आहे. चूक होते ती नंतर, कम्फर्टर बाहेर काढताना. भिजलेलं पांघरूण कोरड्याच्या कितीतरी पट जड होतं. दोन कोपरे धरून उचललं तर सगळं वजन आतल्या शिवणींवर येतं आणि त्या कटाकट तुटतात. आधी टब रिकामा करावा, मग गुंडाळी करत करत दाबून पाणी काढावं आणि खाली दोन्ही हात घालून ती गुंडाळी उचलावी. पिळायचं नाही.

इथपर्यंतचं काम तासा-दोन तासांचं. खरी कसोटी वाळवण्याची, आणि अंथरूण बिघडतं तेही इथेच. मशीनचं स्पिन संपल्यावर नुसतं स्पिन आणखी एकदा लावावं. त्या दहा मिनिटांत जे पाणी निघतं ते दोरीवर निघायला कित्येक तास घेतं. कम्फर्टर एकाच दोरीवर घडी घालून टाकला की भरण दोन्ही टोकांना ओघळतं आणि घडीच्या पोटात ओल राहते. दोन-तीन समांतर दोऱ्यांवर तो आडवा पसरावा, म्हणजे खालूनही वारा लागतो. दर दीड-दोन तासांनी उलटावा आणि प्रत्येक वेळी दोन्ही हातांनी झटकावा. मग एकेका चौकटीत बोटं फिरवावीत. ओलं फायबर आत सुपारीएवढ्या गोळ्यांनी जमतं. दोन बोटांच्या चिमटीत धरून ते कापडावरूनच दोन्हीकडे ओढलं की सुटतं. पूर्ण वाळल्यावर हेच गोळे घट्ट होतात आणि मग दाद देत नाहीत. काम कंटाळवाणं आहे, पण कम्फर्टर ‘धुतल्यावर बिघडला’ अशी जी तक्रार होते तिचं मूळ बहुधा या न फोडलेल्या गोळ्यांतच सापडतं.

ड्रायर असेल तर मंद आचेवर दोन-तीन स्वच्छ टेनिसचे चेंडू आत सोडावेत. ते भरणीवर आपटत राहतात आणि गोळे फुटतात. दर अर्ध्या तासाने कम्फर्टर बाहेर काढून उलटून घालावा, नाहीतर बाहेरचं कापड कडकडीत आणि गाभा ओला असा प्रकार होतो. पिसांच्या रजईला यात सहज तीन-चार तास जातात.

वाळलं की नाही हे वरून हात फिरवून कळत नाही. मधली एखादी जाड चौकट दोन्ही तळव्यांत घट्ट दाबून दहा आकडे मोजावेत. तळव्याला गारवा लागला तर आत पाणी आहे. मग नाकाशी धरून दाबावी. आतून येणाऱ्या हवेला कुबट वास असेल तर खळबळण्यापासून पुन्हा सुरुवात. ओल्या पिसांचा वास वेगळा, तो वाळल्यावर जातो. दिवसभरात, फार तर चोवीस तासांत गाभा वाळणार नसेल तर त्या दिवशी धुवायला काढूच नये. ढगाळ, दमट हवेत न धुतलेला कम्फर्टर हा अर्धवट वाळलेल्या कम्फर्टरपेक्षा केव्हाही बरा.

उन्हाबद्दल थोडी जास्तच श्रद्धा असते. ऊन वरचा थर तापवतं, ओल काढतं आणि हे त्याचं मोठंच काम आहे. पण जाड गादीच्या आत दडलेले ढेकूण किंवा किडे दोन तासांच्या उन्हाने मरत नाहीत. दोन्ही बाजूंना दोन-तीन तास ऊन द्यावं आणि हवेत दमटपणा उतरण्याआधी, दुपार कलता कलता सगळं आत घ्यावं. संध्याकाळपर्यंत बाहेर राहिलेली गादी दिवसभर घालवलेली ओल परत पिते. गादीच्या शिवणी दर दोन-तीन महिन्यांनी व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्याव्यात. खाण्याचा सोडा भुरभुरून तासाभराने ओढून घेण्याचा उपाय वासापुरता ठीक आहे, किड्यांना त्याचं काही वाटत नाही.

खोळ वापरली तर कम्फर्टर वर्षातून एक-दोनदा धुतला तरी चालतं. खोळीविना दोन-तीन महिन्यांत धुवावा लागतो. ठेवून द्यायची वेळ आली की नवा घेताना मिळालेली प्लास्टिकची पिशवी मोहात पाडते. ती टाळावी, कारण कणभर राहिलेली ओलही तिच्यातून बाहेर पडत नाही. जुनी सुती चादर शिवून केलेली पिशवी सगळ्यात उत्तम. हवा ओढून चपट्या होणाऱ्या पिशव्यांनी जागा वाचते, पण पिसं आणि फायबर महिनोन्महिने दाबून ठेवले की त्यांचा फुगवटा पुरता परत येत नाही. डांबराच्या गोळ्या तान्ह्या बाळाच्या पांघरुणात कधीच ठेवू नयेत. त्यातल्या नॅफ्थलीनच्या वाफेने जी-६-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि ही कमतरता आहे हे अनेकदा घरच्यांना ठाऊकही नसतं. मोठ्यांच्या रजईत गोळ्या ठेवल्याच असतील तर ती अंगावर घेण्याआधी दिवसभर वाऱ्याला टाकावी आणि खोळ धुऊनच चढवावी.