बीकर-पद्धत : सरकणारा आकडा सापडला, गोंडाइट ३.४३

मंडळी, नागपूरजवळच्या मानसरकडच्या गोंडाइट या खडकाची घनता अखेर मोजून झाली. पण आधी सरकत्या आकड्याचं सांगतो : दगड पाण्यात टांगला की काट्यावरचं वाचन स्थिर राहतच नव्हतं. तो प्रश्न सुटला नसता, तर ३.४३ वर मीच विश्वास ठेवला नसता.

चाचणीला घनता माहीत असलेला दगड, स्वच्छ क्वार्ट्झच्या स्फटिकांचा घोस, कोरडा २८.४१ ग्रॅम. पाण्याचं बीकर वजनकाट्यावर ठेवून टेअर (म्हणजे काटा शून्यावर), दगड स्टँडवरून नायलॉनच्या बारीक दोऱ्याने पाण्यात टांगलेला, बुडाला न टेकता. काट्यावर दिसतं ते दगडाने विस्थापित केलेल्या पाण्याचं वजन; कोरडं वजन भागिले ते, गुणिले पाण्याची घनता, की दगडाची घनता. पाणी ३२ अंश, म्हणजे घनता ०.९९५ (ग्रॅम प्रति घनसेंमी). क्वार्ट्झचं २.६५ यायचं तर काट्यावर १०.६७ दिसायला हवं. दिसायचं १०.८९, म्हणजे २.६०. त्यात आकडा एका जागी टिकायचा नाही. हळूहळू उतरत १०.६७ ओलांडायचा आणि तसाच खाली जात राहायचा. मग वाचायचा कधी?

बुडबुडे आहेत हे उघड होतं. पण बुडबुडे सुटून आकडा उतरत असेल, तर तो १०.६७ वर थांबायला हवा. त्याखाली जायचं काही कारण नाही. बाष्पीभवन म्हणावं, तर नुसतं बीकर टेअर करून ठेवलं की काटा कितीही वेळ ०.०० च दाखवायचा.

गोम त्या ०.०० मध्येच होती. स्वस्त काट्यांना स्वतःहून शून्य सांभाळायची सोय असते. शून्याजवळचा संथ बदल काटा परस्पर गिळून टाकतो. म्हणून टेअरनंतर बीकरशेजारी १० ग्रॅमचं वजन ठेवलं, काटा शून्यापासून लांब नेला आणि बघत बसलो. १०.००, ९.९९, ९.९७... मिनिटाला दोन-तीन शतांश ग्रॅम पाणी उडत होतं! नवतप्यातलं नागपूर, वर कूलरचा झोत, दुसरं काय होणार. ते आकडे उतरताना बघून झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही.

आता कूलर बंद, आणि बीकरवर प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण. झाकणाला कडेपासून मधोमध चीर पाडली आहे, दोरा त्यातून सरकतो, कुठे टेकत नाही. टेअर झाकणासकट. काट्याबद्दल माझं मत पक्कं झालंय : खिशात मावणारा २०० ग्रॅमचा काटा या कामाला घेऊ नका, बीकर आणि पाण्यातच त्याची क्षमता संपते. ५०० ग्रॅम आणि ०.०१ वाचन असलेला घ्या, आणि घेताना १० ग्रॅमची ही परीक्षा दुकानातच करा.

बुडबुड्यांसाठी पाणी उकळून, झाकून रात्रभर निवू दिलं. शिवाय औषधाच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज आणली. दगड आत, वर पाणी, हवा बाहेर काढायची, तोंडावर अंगठा दाबायचा आणि दट्ट्या ओढायचा. स्फटिकांच्या खाचांत दडलेली हवा मोहरीएवढी फुगते आणि सुटून वर येते. दोन-चारदा ओढलं की खाचा साफ. मग १०.६७, आणि आकडा तिथेच ठाम!

गोंडाइट : कोरडा ४१.३६, विस्थापित पाणी ११.९९, घनता ३.४३. भूवैज्ञानिक फर्मोर यांनी गोंड समाजावरून ज्याला नाव दिलं तो हा खडक, मुख्यतः क्वार्ट्झ (२.६५) आणि स्पेसार्टिन गार्नेट (४.१९). दोनच खनिजं धरली तर आकारमानाने जवळपास निम्मा गार्नेट. काळ्या मँगनीज ऑक्साइडचे डाग आहेत, त्यामुळे खरा वाटा थोडा कमी निघेल.

जाता जाता याच पद्धतीने एका द्रवाचीही घनता मोजली. रसायनाच्या बाटलीचं भरीव काचेचं बूच पाण्यात ५.२१, लिक्विड पॅराफिनमध्ये ४.४६, म्हणजे पॅराफिन ०.८५. पुढचा स्टिल्बाइट या खनिजाचा घोस त्यातच बुडवायचा विचार होता, कारण पॅराफिनचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे बुडबुडे कमी चिकटतात. पण नंतर दगड धुणं जिकिरीचं. आणि हे लिहितानाच सुचलं : पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब का नको? घनता बदलेल म्हणून आजवर टाळत होतो, पण बूच आहे ना! साबणाच्या पाण्याचीच घनता आधी बुचाने काढायची, मग दगड. पॅराफिन रद्द.

कुणाकडे डागविरहित गोंडाइट असेल तर मोजून पाण्याच्या तापमानासकट आकडा कळवा. माझ्या ३.४३ शी ताडून बघायचाय.