अ‍ॅक्टिंग हेडमास्तरांची सही

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहून पाठवावी, असे शाळेचे पत्र आले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सर्वप्रथम उभी राहिली ती मुख्याध्यापकांच्या खोलीवरची काळी पाटी. १९७१ साली मी पाचवीत दाखल झालो, त्या वेळी तिच्यावर सरांचे नाव आणि त्याखाली ‘अ‍ॅक्टिंग हेडमास्तर’ अशी पांढरी अक्षरे होती. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या गणेशोत्सवात नाटके पाहत वाढलेल्या मला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असल्यामुळे, हे गृहस्थ हेडमास्तरांची भूमिका करणारे नट असून खरे हेडमास्तर आत कुठेतरी बसले असावेत, अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

ती दूर केली सरांनीच. ते आम्हांला आठवीत संस्कृत शिकवीत आणि शब्दांत रमत. मुख्याध्यापकाची जागा रिकामी असताना तिचे काम पाहणारा तो अ‍ॅक्टिंग, एवढे सांगून ते थांबले नाहीत. ‘हंगामी’ हा पर्याय त्यांना मुळीच पसंत नव्हता. हंगाम आंब्यांचा असतो, असे ते म्हणत. ‘प्रभारी’ त्यांना बरा वाटे. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना देशी भाषांतले प्रतिशब्द सुचवणारा ‘श्री सयाजी शासनशब्दकल्पतरू’ १९३१ साली याच बडोद्यात निघाला, हे सांगताना त्यांचा स्वर अभिमानाने चढत असे. त्याच ओघात ते ‘अभिनय’ शब्दाकडे वळत. ‘अभि’ म्हणजे कडे, ‘नी’ म्हणजे नेणे. प्रेक्षकाकडे अर्थ नेऊन पोहोचवतो तो अभिनय. अंगविक्षेपांचा आंगिक, वाणीचा वाचिक, वेशभूषेचा आहार्य आणि आतल्या भावाने शरीरावर उमटणारा सात्त्विक हे नाट्यशास्त्रकार भरताने सांगितलेले चारही प्रकार आम्हांला पाठ होते. अभिनवगुप्ताच्या संस्कृत भाष्यासह नाट्यशास्त्राचा पहिला खंड बडोद्याच्याच गायकवाड ओरिएंटल सिरीज या ग्रंथमालेत १९२६ साली प्रसिद्ध झाला, हेही मला त्यांच्याकडूनच प्रथम कळले.

या ज्ञानाची झळ मलाच बसली. गणिताच्या चाचणीच्या दिवशी मी पोट धरून, वाकून, कण्हत त्यांच्या खोलीत गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि शांतपणे म्हणाले, “आंगिक उत्तम, वाचिकही ठीक. पण सात्त्विक कुठे आहे? कपाळावर घाम नाही, अंगाला कंप नाही. जा, पेपर लिही.” बाहेर उभा असलेला गुजराती मित्र हसून म्हणाला, “नाटक ना कर!” मराठीतही आपण नेमके हेच म्हणतो, आणि रंगभूमीवर इतका जीव असणाऱ्या आपल्या समाजाने ‘नाटक करणे’ हा आरोप का करून टाकला, याचे मला अजून कोडे आहे. सोंग घेणारा निदान वेश तरी बदलतो, आव आणणारा नुसता चेहऱ्यावर भागवतो. माझे त्या दिवशीचे काम दुसऱ्या प्रकारातले होते.

पुढे माझी सारी नोकरी मकरपुऱ्यातल्या कारखान्यांत झाली आणि तिथे हा शब्द पुन्हा भेटला. सिंगल अ‍ॅक्टिंग सिलिंडरमध्ये हवा दट्ट्याला एकाच बाजूने ढकलते आणि परत आणण्याचे काम बहुधा स्प्रिंग करते. डबल अ‍ॅक्टिंगमध्ये जाताना आणि येताना दोन्ही वेळा हवाच राबते. आमचे सर डबल अ‍ॅक्टिंग होते: सकाळी वर्ग, दुपारी कचेरी, आणि पगार शिक्षकाचाच. कायम नेमणुकीचा कागद वरच्या कचेरीतून येणार, येणार, असे आम्ही शाळा सोडेपर्यंत ऐकत होतो.

१९७७ साली दाखला घेऊन मी पॉलिटेक्निकच्या प्रवेशाच्या खिडकीवर गेलो. सरांच्या वळणदार सहीखाली ‘अ‍ॅक्टिंग हेडमास्तर’ असा जांभळा रबरी शिक्का होता. कारकुनाने दाखला उजेडात धरला, शिक्क्यावर बोट ठेवले आणि मिस्कीलपणे विचारले, “आ साहेब असली छे ने?” मी छाती पुढे काढून “होय” म्हणालो, तेही मराठीत. त्याने हसत अर्ज ठेवून घेतला.