कडा किती, लेन्स किती

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा तो फोटो छापून झाला, पैसेही मिळाले, तरी तो माझ्या डोक्यातून जात नाही.

काम एका पर्यटन पुस्तिकेचं होतं. मागणी एवढीच: ‘अख्खा कडा एका फ्रेममध्ये.’ अशी मागणी करणारे कड्यावर पालथं पडून कधी खाली डोकावलेले नसतात. काठावर उभं राहिलं की कड्याची दोन्ही टोकं नजरेत एकदम मावतच नाहीत.

धुकं हटल्यावर आधी १६ एमएमची वाइड लेन्स लावली. फ्रेमच्या कर्णावर, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, साधारण १०७ अंश दिसतात, तरी एक बाजू सुटत होती. फोटोला जोर यावा म्हणून काठावरच्या कातळापासून फूटभरावर कॅमेरा नेला, आणि चूक तिथेच झाली. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या-दूरच्या गोष्टी एकमेकींच्या तुलनेत किती मोठ्या दिसतात ते, लेन्सवर नाही, कॅमेरा कुठे ठेवला यावर ठरतो; वाइड लेन्स जवळ जायची मुभा देते, इतकंच. फुटावरच्या कातळाने अर्धी फ्रेम खाल्ली आणि खालची दरी उथळ होऊन गेली.

सोबत पायथ्याच्या बेलपाड्याचे काका होते, कड्याशेजारून गडावर चढणारी नळीची वाट पाठ असलेले. स्क्रीनवर बराच वेळ शोधून म्हणाले, “ताई, आमचं गाव कुठं गेलं?”

मग १५ एमएम फिशआय, म्हणजे सरळ रेघा वाकवून खूप रुंद दृश्य पकडणारी लेन्स. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १८० अंश, कडा बसला. पण फिशआयमध्ये मध्यातून न जाणारी सरळ रेघ बाहेरच्या बाजूला वाकते. क्षितिज बरोबर मध्यावर धरलं तर सरळ राहतं. दरी दाखवायला कॅमेरा झुकवला, क्षितिज वर सरकलं आणि त्याची कमान झाली. मुळात वाकलेला कडा आणखी वाकला.

शेवटी ३५ एमएम. कॅमेरा उभा, डोळ्यांच्या उंचीवर, लेव्हल तपासून. फोकस आणि एक्स्पोजर कायम. लेन्सच्या एन्ट्रन्स प्युपिलभोवती (बोलीत ‘नोडल पॉइंट’; त्याभोवती फिरवलं की जवळच्या-दूरच्या गोष्टी एकमेकींपुढून सरकत नाहीत) फिरवत नऊ फ्रेम्स, प्रत्येकीत शेजारचीचा तिसरा हिस्सा. सिलिंड्रिकल प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे नळकांड्याच्या आतल्या बाजूवर चिकटवून मग उलगडल्यासारख्या, जोडल्यावर क्षितिज सरळ आलं, बेलपाड्याची घरं दिसली. इतकं नीट काम मी क्वचितच केलंय.

छापला फिशआयच. संपादनातल्यांना त्यात थरार दिसला. माझ्या मते तो त्यांचा चुकीचा निर्णय होता. आता लोक विचारतात, कडा खरंच असा आहे की लेन्सची करामत? कडा खरंच अंतर्वक्र आहे हो! पण त्या फोटोत कड्याचा बाक किती आणि काचेचा किती, हे मलाही बोट ठेवून दाखवता येत नाही. खरी गोष्ट माझ्याच फोटोमुळे संशयास्पद झाली, हे खुपतं.

नऊ फ्रेम्सची प्रिंट काकांना नेऊन दिली. त्यांनी आधी ओढा शोधला, मग ओढ्यावरून आपलं घर.